विद्यार्थी की कामगार? : अमेरिकन विद्यापीठांतील एका वादाचा इतिहास

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही गिरण्यांच्या संपावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही विषय कळवला तो अमेरिकेतल्या विद्यापीठांचा. तेव्हा चालकांपैकी एक वडीलधारे गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, तुम्ही कॉलेजची पायरी चढला नाहीत, आणि विद्यापीठावर काय बोलणार?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हांला थोडे स्वतःविषयी सांगावे लागेल. श्रोत्यांनी तेवढी मोकळीक द्यावी.

दहावीची परीक्षा देऊन आम्ही एका कारखान्यात फिटरच्या धंद्यात शिकाऊ म्हणून लागलो. पहिले चार महिने खरोखरच शिकलो. कानस कशी धरावी, माप कसे घ्यावे, लोखंड तापले की त्याचा रंग कसा ओळखावा, हे ज्या मिस्त्रींनी शिकवले त्यांची आठवण आम्ही आजही हात जोडून काढतो. पाचव्या महिन्यात आम्हांला रात्रपाळीला घातले. तेथे शिकवायला कोणी नव्हते. एक कायम कामगार निवृत्त झाला होता, त्याची जागा भरली नव्हती. त्याच्या यंत्रावर आम्ही उभे राहिलो. एकदा सलग दोन पाळ्या कराव्या लागल्या, म्हणून आम्ही जादा कामाचे पैसे मागायला गेलो. साहेब रागावले नाहीत. प्रेमाने म्हणाले, "अरे, तू कामगार नाहीसच. तू विद्यार्थी आहेस. विद्यार्थ्याला ओव्हरटाइम कसला?"

आम्हांला वाटले, साहेब फसवीत आहेत. रविवारी वाचनालयात जाऊन 1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा काढून पाहिला. त्याच्या अठराव्या कलमात लिहिले होते की, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. आणि कामगारांविषयीचे कायदे त्याला लागू नाहीत. साहेब खोटे बोलत नव्हते! कायद्याचे पुस्तक आम्ही आयुष्यात प्रथम उघडले ते त्या दिवशी, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे ते मिटता आले नाही.

पुढे युनियनचे काम करू लागल्यावर देशोदेशींच्या कामगार चळवळींचा इतिहास जमेल तसा वाचला. त्या वाचनात एके ठिकाणी आम्ही थबकलो. अमेरिकेतली मोठमोठी विद्यापीठे आपल्याच वर्गांत शिकवणाऱ्या तरुणांना नेमके आमच्या साहेबांचे वाक्य ऐकवीत होती. तुम्ही कामगार नाही, विद्यार्थी आहात. म्हणून हा विषय आम्हांला परका वाटत नाही.

प्रथम हा तरुण कोण ते पाहू. अमेरिकेत बी. ए. किंवा बी. एस्सी. होऊन पुढे पीएच. डी.चा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठ पुष्कळदा फी माफ करते आणि दरमहा काही रक्कम देते. त्या बदल्यात तो पदवीच्या वर्गांना शिकवतो. त्याला तेथे 'टीचिंग असिस्टंट' म्हणतात; आपण अध्यापन-सहायक म्हणू. समजा, पहिल्या वर्षाच्या इतिहासाला तीनशे मुले आहेत. प्राध्यापक आठवड्यातून दोनदा मोठ्या सभागृहात व्याख्यान देतात. मग ह्या तीनशे मुलांचे पंचवीस-पंचवीसांचे बारा गट पडतात. त्या गटांत बसून शंका फेडायच्या, चर्चा घडवायची, निबंध तपासायचे, उत्तरपत्रिकांना गुण द्यायचे, आणि रडकुंडीला आलेल्या मुलाला धीर द्यायचा, ही कामे सहायकांची. प्राध्यापकांना मुलांची तोंडे ठाऊक असतात, नावे ठाऊक असतात ती सहायकाला.

वरच्या विद्यार्थ्याने खालच्याला शिकवावे ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या इकडेही पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशांतून इंग्रजी अमदानीत कॉलेजांतून 'दक्षिणा फेलो' नेमले जात. रानडे, भांडारकर, आगरकर ह्यांच्या चरित्रांत ह्या दक्षिणा फेलोशिपचा उल्लेख येतो. पण ते मूठभर होते आणि प्रत्येकाचे नाव प्राध्यापकाला पाठ होते. मूठभरांच्या बाबतीत जी व्यवस्था आशीर्वादासारखी असते, तीच हजारोंच्या बाबतीत काय होते, हे पाहण्यासाठी अमेरिकेकडेच वळले पाहिजे.

अमेरिकेत पहिली पीएच. डी. येल विद्यापीठाने 1861 साली दिली. पण ह्या शिक्षणाला खरे वळण लागले ते 1876 साली, बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ उघडले तेव्हा. त्याचे पहिले अध्यक्ष डॅनियल गिलमन ह्यांनी जर्मन विद्यापीठांचा कित्ता पुढे ठेवला आणि वर्षाला पाचशे डॉलरच्या वीस फेलोशिपा ठेवल्या. हेतू असा की, हुशार तरुणाने पोटाची चिंता न करता संशोधन करावे. पीएच. डी.चे प्रस्थ पुढे इतके वाढले की, 1903 साली विल्यम जेम्स ह्या हार्वर्डच्या तत्त्ववेत्त्याने तिला अष्टपाद जलचराची उपमा देऊन एक लेखच लिहिला. तरीही ही सारी मंडळी अजून थोडकीच होती.

मोठा बदल घडला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. 1944 साली अमेरिकन सरकारने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलण्याचा कायदा केला. 1947 साली कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांपैकी 49 टक्के हे माजी सैनिक होते. पुढे 1957 साली रशियाचा स्पुतनिक आकाशात गेला आणि अमेरिका हादरली. लगेच 1958 साली राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला व विद्यापीठांकडे पैशांचा ओघ सुरू झाला. पैसा आला तो मुख्यतः संशोधनासाठी. नाणावलेले प्राध्यापक प्रयोगशाळेकडे वळले. आणि नेमक्या त्याच वेळी युद्धानंतर जन्मलेली मुले लाटेसारखी कॉलेजच्या दाराशी आली. त्यांना शिकवायचे कोणी? जवळच उभ्या असलेल्या पीएच. डी.च्या विद्यार्थ्याने! तो हुशार होता, हाताशी होता, आणि स्वस्त होता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर ह्यांनी 1963 साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत ह्या नव्या अवाढव्य विद्यापीठाचे वर्णन केले. प्राध्यापक जितके नामवंत, तितकी पदवीच्या वर्गांची आबाळ अधिक, हेही त्यांनी स्वतःच सांगून टाकले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, कर हे मूळचे कामगार-अर्थशास्त्रज्ञ होते आणि मालक-मजुरांच्या तंट्यांत लवादाचे काम करून त्यांनी नाव मिळवले होते. त्यांच्याच अमदानीत, 1964 च्या हिवाळ्यात, बर्कली येथे भाषणस्वातंत्र्याची चळवळ पेटली. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत ठाण मांडले, सुमारे आठशे जणांना अटक झाली, आणि त्यापाठोपाठ अध्यापन-सहायकांनी वर्ग बंद ठेवले. आपण वर्ग थांबवले की विद्यापीठ थांबते हे त्यांना त्या दिवशी उमगले. गिरणीत नव्याने आलेल्या बदली कामगारालाही पहिल्या संपाच्या दिवशी असेच काहीतरी उमगत असे, हे आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकले आहे.

आता आपण विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरी जाऊ. ह्या गावाला कामगार चळवळीच्या इतिहासात मोठे स्थान आहे. अमेरिकन कामगारांचा इतिहास शास्त्रशुद्ध रीतीने लिहिण्याचा पाया जॉन कॉमन्स ह्यांनी ह्याच विद्यापीठात घातला. सरकारी नोकरांची एक बलाढ्य संघटना 1932 साली ह्याच गावात जन्मली. सार्वजनिक नोकरांना सामुदायिक वाटाघाटींचा हक्क कायद्याने देणारे अमेरिकेतले पहिले राज्यही हेच, साल 1959. अशा गावी 1966 साली अध्यापन-सहायकांनी आपली संघटना काढली. तिचे नाव 'टीचिंग असिस्टंट्स असोसिएशन'.

ती पगारासाठी निघाली असे कोणाला वाटेल, पण मूळ कारण निराळे होते. तेव्हा व्हिएतनामचे युद्ध चालू होते. कॉलेजातल्या मुलांना सैन्यभरतीतून सूट मिळे; पण 1966 साली ही सूट मुलाच्या वर्गातल्या क्रमांकाशी जोडली गेली. सहायकाच्या ध्यानात आले की, आपण लाल पेन्सिलीने निबंधावर जो शेरा मारतो, त्याने एखाद्या पोराचा क्रमांक घसरतो, आणि क्रमांक घसरला की त्या पोराला लढाईचे बोलावणे येऊ शकते. गुण द्यायचे त्याने. पण त्या गुणांचा उपयोग कशासाठी व्हावा हे ठरवताना त्याला कोणी विचारणार नाही. संघटनेचा उगम ह्या अस्वस्थतेत आहे. आमच्या मते ही गोष्ट कधी विसरता कामा नये. आपल्या हातून होणाऱ्या कामाचे पुढे काय होते, हा प्रश्न ज्याला पडतो, तो नुसता मजूरही नसतो आणि नुसता विद्यार्थीही नसतो.

दोन-तीन वर्षे संघटना लहानच राहिली. 1969 च्या आरंभी विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा मोठा संप झाला. त्यावर चिडून राज्याच्या विधिमंडळातल्या काहींनी बाहेरच्या राज्यांतून आलेल्या सहायकांची फीमाफी काढून घेण्याचे घाटले. तेव्हा जे कालपर्यंत संघटनेला नाके मुरडीत होते, तेही सभासद झाले. ज्यांनी युनियन बांधली आहे त्यांना ह्यात नवल वाटणार नाही. आमच्या भाषणांनी जेवढे सभासद झाले नसतील, त्यांहून अधिक मालकाच्या एका परिपत्रकाने झाले आहेत.

विद्यापीठाने मतदान मान्य केले आणि मे 1969 मध्ये सहायकांनी मोठ्या बहुमताने संघटनेला कौल दिला. विद्यापीठाचे त्या वेळचे चॅन्सेलर एडविन यंग हेही कामगार-अर्थशास्त्राचेच प्राध्यापक! वाटाघाटी महिनोन् महिने चालल्या आणि फिसकटल्या. 16 मार्च 1970 रोजी संप सुरू झाला. इमारतींच्या दारांत निदर्शक उभे राहिले. गावातल्या मालमोटार-चालकांच्या युनियनने ती रांग ओलांडायला नकार दिला, त्यामुळे विद्यापीठात येणारा माल अडला. कोर्टाने मनाईहुकूम काढला. साडेतीन आठवड्यांनी, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, तडजोड झाली. अमेरिकेत पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या संघटनेने विद्यापीठाशी केलेला हा पहिला करार.

करारात काय मिळाले? काही वर्षांपुरती नेमणुकीची हमी, वर्गातल्या मुलांच्या संख्येला मर्यादा, तक्रार निवारणाची पद्धत, आणि सहायकाच्या कामाची पारख कशी व्हावी ह्याचे नियम. हे थोडके नव्हते. पूर्वी नेमणूक दर वर्षी प्राध्यापकांच्या मर्जीवर होती. पण एक मागणी पदरात पडली नाही. सहायकांनी असे मागितले होते की, अभ्यासक्रमाची आखणी करताना शिकवणाऱ्या सहायकाचा आणि शिकणाऱ्या विद्यार्थ्याचाही शब्द असावा. विद्यापीठ पैशांच्या आणि नेमणुकीच्या बाबतीत वाकले, येथे वाकले नाही. शिक्षण कसे द्यावे हे ठरवणे प्राध्यापकांचे काम आहे, त्याची वाटाघाट होऊ शकत नाही, असे उत्तर आले.

आम्ही ह्या ठिकाणी थोडा वेळ थांबणार आहोत, कारण आमच्या मते साऱ्या वादाची गुरुकिल्ली येथे आहे. पगार मागितला की विद्यापीठ म्हणे, तुम्ही विद्यार्थी आहात. आणि अभ्यासक्रमात शब्द मागितला, जो विचारी विद्यार्थ्यालाच सुचेल, तेव्हा जणू उत्तर असे की, तुम्ही नेमून दिलेले काम करणारी माणसे आहात. म्हणजे दोन दारे होती, आणि माणूस ज्या दाराशी जाईल तेच बंद होत होते! आमच्या कारखान्यात तसेच होते. पैसे मागितले की आम्ही विद्यार्थी, आणि "मिस्त्रींना रात्रपाळीला द्या, आम्हांला शिकायचे आहे," असे म्हटले की, "उत्पादन कोण काढणार?"

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्या प्राध्यापकांनी संघटनेला विरोध केला ते सगळे कठोर मनाचे नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, गुरू आणि शिष्य ह्यांचे नाते मालक-नोकराचे नाही. शिकवता शिकवता शिष्य स्वतः घडतो. शिकवणे हा त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. त्या नात्यात करारनामा आणि तक्रारअर्ज आले, तर जिव्हाळा जाईल. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. मिस्त्रींनी आम्हांला जे शिकवले ते कोणत्याही करारात बसणारे नव्हते. पण शिकाऊपणात एक वचन गृहीत असते: आज कमी घे, उद्या तू कारागीर होशील. 1970 नंतर अमेरिकेत प्राध्यापकांच्या कायम जागा आटू लागल्या. पीएच. डी. होणारे पुष्कळ, जागा थोड्या. तरी विभाग सहायक घेत राहिले, कारण पहिल्या वर्षाचे गट कोणीतरी चालवायलाच हवे होते. वचन पाळले जाण्याची खात्री उरली नाही, आणि तरीही वचनाच्या नावावर काम घेणे चालू राहिले. जिव्हाळा तेथेच उणावला होता. संघटना मागाहून आली.

मॅडिसनच्या कथेचा पुढला भाग युनियनवाल्यांनी वहीत लिहून ठेवावा असा आहे. 1970 चा करार झाला तो विद्यापीठाने राजीखुशीने दिलेल्या मान्यतेवर. कायद्याचा आधार त्याला नव्हता. 1980 साली विद्यापीठाने ती मान्यता काढून घेतली. राजीने दिलेले नाराजीने गेले! मग संघटनेने विधिमंडळाकडे धाव घेतली आणि 1985 साली कायदा करवून वाटाघाटींचा हक्क परत मिळवला. पण कायदाही अमरपट्टा घेऊन येत नाही. 2011 साली राज्याचे गव्हर्नर स्कॉट वॉकर ह्यांनी सार्वजनिक नोकरांचे वाटाघाटींचे हक्क जवळजवळ संपवणारे विधेयक आणले. 14 फेब्रुवारी हा तिकडे प्रेमाची भेटकार्डे देण्याचा दिवस. त्या दिवशी सहायकांच्या संघटनेने 'आमच्या विद्यापीठाचे हृदय मोडू नका' अशा अर्थाची कार्डे गव्हर्नरांच्या कचेरीत नेऊन दिली. पुढे हजारो नागरिकांनी राजधानीची इमारत व्यापली, रात्री फरशीवर निजून काढल्या, आणि त्यांत हे सहायक आघाडीवर होते. तरी विधेयक मंजूर झालेच. हार झाली ती झाली. ती लपवून इतिहास सांगू नये.

हे झाले सरकारी विद्यापीठांचे. तेथे राज्याचा कायदा चालतो. मिशिगनमध्ये 1975 साली, कॅलिफोर्नियात 1999 साली अशा रीतीने एकेका राज्यात सहायकांच्या संघटना करारापर्यंत किंवा मान्यतेपर्यंत पोहोचल्या. खासगी विद्यापीठांचा मामला निराळा. तेथे निवाडा करते ते केंद्रीय कामगार संबंध मंडळ, आणि त्याचे सभासद नेमतो राष्ट्राध्यक्ष. ह्या मंडळाने 1972 व 1974 साली निवाडा दिला की, असे सहायक मुख्यतः विद्यार्थी होत. 1999 साली बॉस्टनच्या निवासी डॉक्टरांच्या प्रकरणात मंडळाने म्हटले की, शिकणारा डॉक्टरही कामगार असू शकतो. आपल्याकडे निवासी डॉक्टरांचे संप ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा मुद्दा लगेच पटेल. त्याच धाग्यावर 2000 साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या सहायकांना मंडळाने कामगार ठरवले. 2004 साली ब्राऊन विद्यापीठाच्या प्रकरणात तीन विरुद्ध दोन मतांनी तो निर्णय फिरवला. आणि ऑगस्ट 2016 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात तीन विरुद्ध एक मताने तो पुन्हा उलटा केला. वर्ग तेच, निबंध तेच, तपासणारा हात तोच. राष्ट्राध्यक्ष बदलला की तोच माणूस विद्यार्थ्याचा कामगार आणि कामगाराचा विद्यार्थी होत होता!

कोलंबियाचे नाव उच्चारले की महाराष्ट्राला दुसरे नाव आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 ह्या काळात तेथेच शिकले, बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, मालकाने कामगार संघटनेला मान्यता देणे बंधनकारक करणारे विधेयक त्यांनीच 1943 साली मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. मान्यता ही मालकाची मेहेरबानी नसून संघटनेचा हक्क असावा, हा त्यामागचा विचार. त्यांच्याच विद्यापीठात मान्यतेसाठी झगडा चालला, हा योगायोग आम्हांला हुरहूर लावणारा वाटतो. डिसेंबर 2016 मध्ये सहायकांनी मतदान जिंकले. तरी विद्यापीठ दोन वर्षे वाटाघाटींना बसले नाही. पुढे करारासाठी संप झाले. शेवटचा नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झाला, सुमारे तीन हजार सहायक त्यात होते, आणि जानेवारी 2022 मध्ये करार होऊन तो मिटला.

ही कोलंबियाची संघटना मोटार कामगारांच्या युनियनशी जोडलेली आहे हे ऐकून पुष्कळांना हसू येते. इतिहास शिकवणारा आणि मोटारीचे बोल्ट आवळणारा एका झेंड्याखाली कसे? ह्याचे एक कारण असे की, न्यूयॉर्कमध्ये वखारीतल्या हमाल-कारकुनांची एक जुनी युनियन होती. तिने पुढे कचेऱ्यांतल्या आणि विद्यापीठांतल्या नोकरांत काम सुरू केले आणि ती मोटार कामगारांच्या युनियनमध्ये सामील झाली. ज्यांना विद्वान मंडळी दारात उभे करीत नाहीत, त्यांनीच विद्वानांच्या पोरांना संघटना कशी बांधावी ते शिकवले. आमच्यासारख्याला ह्याचा थोडा अभिमान वाटला तर श्रोत्यांनी क्षमा करावी.

ह्या इतिहासात आम्हांला टोचणारीही एक गोष्ट आहे. 1995 च्या डिसेंबरात येल विद्यापीठातल्या सहायकांनी सत्राचे गुण विद्यापीठाकडे द्यायचे नाहीत असे ठरवले. गिरणी बंद पडली तर मालकाचा नफा बुडतो. गुण अडवले तर आधी तळमळतो तो समोरचा विद्यार्थी. विद्यापीठाने शिस्तभंगाची कारवाई सुरू केली, आणि जानेवारी 1996 मध्ये मान्यता न मिळताच संप मागे घ्यावा लागला. ह्या हत्याराची धार आपल्याच माणसाला लागते, हे ओळखूनच ते उचलले पाहिजे. ज्याच्या हाती शिकणाऱ्याचे भवितव्य आहे, त्याचा संप मजुराच्या संपाहून अवघड असतो, हे कबूल केले पाहिजे. येलच्या सहायकांनी नंतर सत्तावीस वर्षे घरोघर, खोलीखोली जाऊन संघटना बांधली. जानेवारी 2023 मध्ये मतदान झाले. संघटनेच्या बाजूने 1,860 मते, विरुद्ध 179.

आणि 14 नोव्हेंबर 2022 रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहा ठिकाणी मिळून सुमारे 48,000 सहायक व संशोधक संपावर गेले. अमेरिकेच्या उच्च शिक्षणातला तोवरचा हा सर्वांत मोठा संप. गिरणी कामगारांच्या 1982 च्या संपाचा आकडा ज्यांच्या कानांत आहे त्यांना 48,000 लहान वाटेल. पण हे बहुतेक पदवीधर होते आणि वर्ग व प्रयोगशाळा ह्यांच्यात विखुरलेले होते. परीक्षा तोंडावर आल्या, उत्तरपत्रिका पडून राहिल्या. सहा आठवड्यांनी, 23 डिसेंबरला करार मंजूर झाला. अध्यापन-सहायकांचे किमान वार्षिक वेतन सुमारे 23 हजार डॉलरवरून 2024 च्या अखेरीपर्यंत सुमारे 34 हजारांवर नेण्याचे त्यात ठरले. घरभाडे ज्या गावी आभाळाला भिडले आहे, तेथे ही चैन नव्हती.

श्रोत्यांपैकी पुष्कळांची मुले-मुली, पुतणे-भाचे अमेरिकेत शिकायला गेले असतील. 2023-24 साली तेथे तीन लाख एकतीस हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पदव्युत्तर वर्गांत. ह्यांतले बहुतेक घरचे पैसे किंवा कर्ज काढून जातात, पण पीएच. डी.ला जाणारा पुष्कळदा अध्यापन-सहायक म्हणूनच टिकतो. त्याला तिथल्या व्हिसाच्या नियमाने सत्र चालू असताना विद्यापीठात आठवड्याला वीस तासांहून अधिक काम करता येत नाही. कागदावर वीस तास. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मात्र घड्याळ पाहत नाही. सहायकाची जागा गेली तर फी भरता येत नाही, फी भरली नाही तर शिक्षण थांबते, आणि शिक्षण थांबले तर त्या देशात राहता येत नाही. अशा मुलाला सभासदाच्या कागदावर सही करताना हात का कापतो हे आपण समजून घेतले पाहिजे. तो फोनवर "सगळे ठीक आहे" एवढेच सांगतो. त्याला पुढल्या वेळी "जेवलास का" ह्याबरोबर "वर्गात किती मुले आहेत, किती पेपर तपासतोस," हेही विचारावे.

आणि फोन ठेवल्यावर आपल्या गावातल्या कॉलेजाकडेही एकदा पाहावे. तेथे तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण प्राध्यापक आहेत. पीएच. डी. झालेले, नेट-सेट झालेले; जितके तास घेतले तितक्या तासांचे पैसे, तेही पुष्कळदा महिनोन् महिने उशिरा. ते विद्यार्थी नाहीत, म्हणून त्यांना ते नाव देता येत नाही. पण कायम शिक्षक हेही नाव मिळत नाही. नाव न देता काम घेण्याची ही रीत सातासमुद्रापलीकडचीच आहे असे कोणी समजू नये.

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. विद्यापीठावर आम्ही बोललो, कारण 'विद्यार्थी की कामगार' हा प्रश्न आम्ही अंगावर घेतला आहे, आणि आमच्या मते तो प्रश्नच चुकीचा विचारला जातो. आपल्या मराठीत एक शब्द आहे, विद्यावेतन. आमच्या पहिल्या पाकिटावर तोच लिहिलेला होता. विद्या आणि वेतन हे दोन शब्द ज्यांनी एकत्र बांधले, त्यांना एकाच माणसाला दोहोंची गरज असते हे कळले होते. पाकीट देणाऱ्याने मात्र वेतनाचा हिशेब मागितला की विद्या दाखवायची, आणि विद्या मागितली की वेतनाकडे बोट दाखवायचे, असे चालवले. मॅडिसनच्या तरुणांनी 1970 साली दोन्ही मागितले होते. त्यांना एक मिळाले, आणि तेही पुढे दोनदा हिरावून घेतले गेले. दुसरे, म्हणजे आपण जे शिकवतो त्यात आपला शब्द असावा हे मागणे, त्या करारात आले नाही. ते मागणे अजून उभे आहे.

ते मिस्त्री आता हयात नाहीत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी आपली कानस आम्हांला दिली आणि म्हणाले, "पोरा, हात शिकला की पगार मागायला लाजू नकोस, आणि पगार मिळाला म्हणून शिकायचे थांबू नकोस." कानस आमच्या युनियनच्या कचेरीत टेबलावर आहे. नवा सभासद आला की आधी तिच्याकडे पाहतो आणि विचारतो, ही येथे कशाला? मग आम्ही त्याला बसवून घेतो आणि हीच कथा सांगतो.